दहातले नऊ

“मग काय सांगू त्यांना, सर? आशा आहे असं खोटं सांगू?”

डॉक्टर निनाद विचारत होते. वयानं माझ्या नातवाएवढे, हुशार, पण जरा ताठ. हातात रक्ताचा रिपोर्ट. समोर खाटेवर हणमंत, विजेच्या खांबावरून पडलेला वायरमन. आदल्या दिवशी कवटी उघडून मेंदूवर साकळलेलं रक्त काढलं होतं. अजून शुद्ध नव्हती. मशीन त्याच्यासाठी श्वास घेत होतं.

बाहेर त्याची बायको, सुगंधा. वाचणार नसेल तर घरी नेऊ का, एवढंच विचारत होती बिचारी. नळ्या काढून नेला असता, तर वाटेतच संपला असता.

मी त्या वॉर्डातला न्हावी. ऑपरेशनाआधी डोकी मीच भादरतो. बाजूला वस्तरा पुसत होतो, म्हणून कानावर पडलं.

मोठे डॉक्टर, इनामदारसाहेब, स्टुलावर टेकले.

“काय म्हणतंय रक्त?”

“पांढऱ्या पेशींचं प्रमाण फार चढलंय. एवढं चढलं की ऑपरेशन होऊनही दहातले नऊ जातात.”

“पत्रिका मांडलीस म्हण की.”

“पत्रिका नाही, सर! सहाशे पेशंटांचं रक्त तपासलंय मी.”

“म्हणून तर ऐकतोय, बाबा… आकडा खरा आहे तुझा. रिपोर्ट कधी आला?”

“काल. ऑपरेशनाच्या आधी.”

साहेबांनी चादर जरा बाजूला केली. निनादांचा हात धरला आणि हणमंताच्या पोटावर ठेवला. तिथं ताजे टाके होते. खाली काहीतरी कडक असावं, वाटीच्या कडेसारखा उंचवटा दिसत होता.

“हे काय रे?”

“कवटीचं हाड, सर. मेंदूला सूज होती, म्हणून परत बसवलं नाही. पोटाच्या कातडीखाली ठेवलं, टिकावं म्हणून. माणूस सुधारला की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा डोक्याला…”

निनाद थांबले.

“कुणी ठेवलं?”

“मीच.”

“आकडा ठाऊक असून?”

“ठेवतोच ना सर आपण… सगळ्यांचंच.”

“हं.”

निनादांनी हात काही उचलला नाही. रिपोर्ट मात्र घडी करून खिशात घातला.

“मग बाहेर त्यांना…”

“दोन्ही सांग. आधी आकडा. मग तिला आत आण आणि तिचा हात इथं ठेव… हळू हं, टाके ओले आहेत.”