सात चकत्या आणि चौथी ओळ

एका राज्यात सोन्याचे तीन खांब होते. पहिल्या खांबावर सात चकत्या रचलेल्या: तळाची रथाच्या चाकाएवढी, माथ्याची बांगडीएवढी. विकटदंत नावाच्या मांत्रिकाने त्या रचल्या आणि राज्याची नदी जागच्या जागी दगड करून टाकली. शाप असा, की एका वेळी एकच चकती हलवावी, लहानीवर मोठी ठेवू नये आणि सारा डोलारा तिसऱ्या खांबावर न्यावा. डोलारा तिथे गेला तर सगळे सुटेल. जो फसेल तो दगड होईल.

असे अकरा जण दगड झाले. अकरावा राजाचा तांबट, ताम्रदत्त.

ताम्रदत्त मोठा कसबी. त्याने पितळेचा बोलका पक्षी घडवला. पोटात ताम्रपट सरकवला, की पटावर कोरलेले तो करी. आणि गरज पडली, की स्वतःसारखाच धाकटा पक्षी चोचीतून काढी, त्याच्या पोटातही तोच पट आणि वाट्याला वरची चकती. पटावर तीन ओळी होत्या. तुझ्या चकतीवरचा डोलारा धाकट्याकरवी बाजूच्या खांबावर ठेव. मग तुझी चकती ठरल्या जागी ने. मग तो डोलारा धाकट्याकरवी तुझ्या चकतीवर आण.

पण पक्ष्यातून पक्षी निघत गेला, मोहरीहून लहान झाला, धुळीहून लहान झाला, आणि चकती एकही हलली नाही. ताम्रदत्त हातात छिन्नी धरून दगड झाला.

त्याची मुलगी शलाका तीन वर्षे रोज त्या दगडाशी बसे. बापाचा हात गार लागे, तिचा जीव तुटे. एके दिवशी तिला चूक दिसली आणि ती राजा प्रसेनाकडे गेली.

"महाराज, पटावर 'थांब' कोरायची आज्ञा द्या."

दरबार हादरला. त्या राज्यातला प्रत्येक ताम्रपट 'चंद्रसूर्य असेतोवर' या शब्दांनी संपे. पटावर 'थांब' कोरणे अशुभ. कोरणाऱ्याची बोटे तोडत.

राजाने खिडकीतून दगडी नदीकडे पाहिले. "राज्य थांबलंच आहे, मुली. कोर. दोष माझा."

शलाकाने चौथी ओळ कोरली: वर काही नसेल, तर फक्त तुझी चकती हलव आणि थांब.

सूर्य उगवताच थोरल्या पक्ष्याने पंख उघडले. "धाकट्या, ये." त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे सात. सातवा जोंधळ्याएवढा. त्याने वर पाहिले. वर फक्त आकाश होते. त्याने बांगडीएवढी चकती उचलली, ठेवली आणि थांबला.

मग सहाव्याने आपली हलवली, सातव्याने आपली तिच्यावर आणली, मग पाचव्याने. थोरल्याला सातव्याचे नावही ठाऊक नव्हते. जो तो आपली एकच चकती जाणत होता. तरी सोने या खांबावरून त्या खांबावर झुलत राहिले, एकदाही न चुकता. लोक हात जोडून उभे राहिले. एकशे सत्ताविसाव्या खेपेला सातव्याने बांगडीएवढी चकती तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर ठेवली, आणि नदीला पाणी फुटले.

अकराही जण दगडातून सुटले. ताम्रदत्ताची छिन्नी खाली पडली. तो वाकत वाकत पक्ष्याजवळ गेला, पट काढला आणि चौथ्या ओळीवर बोट फिरवले.

"कुणी कोरलं?"

"मी, बाबा."

"अक्षर कच्चं आहे," तो म्हणाला, आणि तिला पोटाशी धरून रडू लागला.

त्या राज्यात आजही प्रत्येक पटावर शेवटची ओळ थांबण्याची असते. या गोष्टीतही तीच आली आहे.