दोर धरणाऱ्याचा कान

फार पूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस ख्रिस्ती घरांचं एक गाव होतं. गावात एक छोटं चर्च, आणि चर्चमागं एक विहीर. विहीर कसली, पाताळच म्हणा! वाकून बघितलं तर पाण्यात आपलंच तोंड हरभऱ्याएवढं दिसायचं.

दरवर्षी ईस्टरच्या आधी गाव मिळून ती विहीर उपसायचं, आणि सणाच्या आदल्या दिवशी तळाचा गाळ काढायचा, अशी रीत होती. सणाला बाप्तिस्मे असायचे, त्याला पाणी स्वच्छ नको? गाळाचं काम दोघांकडं. शांतवन खाली उतरायचा, त्याचा मित्र हनोक वर दोर धरून बसायचा. शांतवन अंगानं दांडगा, गळ्यानं गोड. हनोक एका पायानं अधू, पण कानाचा भलता तिखट.

आता विहिरीच्या कामाला कान कशाला, असं विचाराल. सांगतो. गाळ हलला की कधी कधी त्याखाली कोंडलेली विषारी हवा सुटते. ती दिसत नाही, तिला वास नाही. माणूस हळूहळू गुंगत जातो आणि त्याला स्वतःला वाटत असतं, आपण ठणठणीत आहोत. म्हणून जुन्या माणसांनी एक युक्ती काढली होती. वरच्यानं गाण्याची एक ओळ म्हणायची, खालच्यानं दुसरी.

वरून हनोक म्हणायचा, "खोल तळाशी कोण सोबती?"

खालून शांतवन म्हणायचा, "प्रभू येशू, हात हाती!"

आवाज जरा जड झाला की हनोक दोर ओढून ओढून त्याला वर चढायला लावायचा. मग शांतवन कितीही ओरडो, "अरे, मला काही झालेलं नाही!" हा ऐकायचा नाही. वर आल्यावर शांतवनला घेरी यायची, आणि मग दोघं हसायचे.

अशी बरीच वर्षं गेली. शांतवनच्या गळ्यामुळं लोक त्याला चर्चमध्ये प्रार्थना चालवायला सांगू लागले. लोक म्हणायचे, "वा! काय प्रार्थना करतो!" झालं, हरभऱ्याच्या झाडावर चढला की गडी. प्रार्थना लांबू लागल्या. गाताना एखादी म्हातारी चुकली, तर हा भर उपासनेत तिच्याकडं डोळे वटारून बघायचा.

हनोकला हे सलत होतं. चारचौघांत तो काही बोलला नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, घरी जाताना वाटेत त्यानं हळूच म्हटलं, "शांत्या, रागावू नकोस. तुझ्या प्रार्थनेचा आवाज बदललाय रे. देवाशी बोलता बोलता तू लोकांकडंच बघतोस."

शांतवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू मला शिकवणार? वर बसून दोर धरणारा तू! मला माझा प्रभू पुरेसा आहे. उद्यापासून तुझी गरज नाही. विहिरीवरही येऊ नकोस."

हनोकच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लंगडत घरी गेला.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी शांतवन एकटाच विहिरीवर आला. दोराचं एक टोक काठावरच्या दगडी खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत खाली उतरला. चिखलात फावडं घातलं आणि गाऊ लागला. पहिली ओळ त्यानंच म्हटली, दुसरीही त्यानंच. सवालही आपला, जवाबही आपला.

पण वर कोणीच नव्हतं असं नाही. चर्चच्या भिंतीआड हनोक बसला होता. बोलावलं नव्हतं, उलट हाकललं होतं. तरी घरात त्याचा जीव राहिना. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून तो नुसता ऐकत होता.

थोड्या वेळानं आवाज जड झाला. हनोकनं मान वर केली.

"खोल तळाशी कोण सोबती?" खालून आलं. मग थांबून पुन्हा तेच, "खोल तळाशी कोण सोबती?" मग तिसऱ्यांदा, अर्धंच, "खोल तळाशी..." आणि पुढं काहीच नाही.

हनोक काठी टाकून लंगडत, जवळजवळ रांगत काठाशी आला. खाली शांतवन भिंतीला टेकून बसला होता. मान छातीवर पडली होती.

"शांत्या! ए शांत्या!"

"झोपू दे रे," खालून पुटपुट आली. "बरा आहे मी."

"मेल्या, झोपायला हीच जागा सापडली का? ऊठ!" हनोकनं तांब्यातलं पाणी वरून त्याच्या डोक्यावर ओतलं. दोराला हिसका दिला. एकट्याच्यानं एवढा गडी वर ओढणं शक्य नव्हतं, हे त्याला माहीत होतं. मदतीला धावावं तर पाय असा, आणि तेवढ्यात शांतवन आडवा झाला तर संपलंच. त्यानं मोठ्यानं विचारलं, "खोल तळाशी कोण सोबती?"

उत्तर नाही.

"अरे, बोल! कोण सोबती?"

"प्रभू... येशू..."

"पुढं म्हण! आणि खोबणीत पाय ठेव. उजवा!"

"हात हाती."

एका ओळीला एक खोबणी. शांतवन एक पाय वर आला की हनोक ढिला दोर खांबाला गुंडाळून टाकायचा, म्हणजे मिळालेली उंची गमवायला नको. दहा खोबण्या झाल्या. हनोकचा घसा बसला, तरी तो थांबला नाही. देवा, ह्याला सोडू नकोस, असं मनात घोकत तो गात राहिला. विसाव्या खोबणीला शांतवनचा हात सुटला. खांबाभोवतीचा दोर सरसर घसरला. हनोकनं दोन्ही हातांनी दोर आवळला. तळव्यांची सालटी निघाली, पण दोर थांबला.

"कोणीतरी या रे! धावा!"

गाळाच्या पाट्या न्यायला बायका निघालेल्याच होत्या. हाक ऐकून त्या पळत आल्या. सहा-सात जणींनी मिळून दोर ओढला आणि शांतवनला काठावर घेतलं.

बऱ्याच वेळानं त्याला नीट शुद्ध आली. हनोकचे रक्ताळलेले तळवे बघून तो लहान पोरासारखा रडू लागला. "मला वाटत होतं, मी चांगला मोठ्यानं गातोय," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तसंच वाटत होतं रे!"

"माहीत आहे," हनोक म्हणाला. "आधी श्वास घे."

दुसऱ्या दिवशी ईस्टर. चर्चच्या पाळकांनी शांतवनला प्रार्थनेला पुढं बोलावलं. तो उभा राहिला, पण डोळे मिटले नाहीत. सगळं चर्च वाट बघू लागलं. शांतवननं मागच्या बाकावर बसलेल्या हनोकला हाक मारली.

"हनोक, तू इथं माझ्याजवळ बस. माझा आवाज बदलला की दोर ओढ. मी ओरडलो तरी ओढ."

हातांना फडकी बांधलेला हनोक लंगडत पुढं गेला आणि पहिल्या बाकावर बसला. त्या दिवशीची प्रार्थना अगदी छोटी झाली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: विश्वासाच्या वाटेवर आपण गुंगतोय हे आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून खरं सांगणारा मित्र हा देवानं आपल्या कमरेला बांधलेला दोर असतो, तो रागाच्या भरात सोडू नये.