सूक्ष्मदर्शकावरचा पंचा

एकदा एक वयोवृद्ध डॉक्टर जंगलपट्टीतल्या छोट्या दवाखान्यात एका नवशिक्या शिष्याला हाताखाली घेऊन विद्या देत होते. शिष्य हुशार होता, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

एके सकाळी एक आई तापाने फणफणलेल्या वच्छलेला, आपल्या लहानग्या मुलीला, खांद्यावर टाकून आली. शिष्याने लगबगीने रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"सापडलं, सर! हिवताप आहे. औषध सुरू करतो."

"कर," गुरू म्हणाले. औषध सुरू होताच त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून सूक्ष्मदर्शकावर टाकला. "आता समज, तुला यात काहीच दिसलं नाही. मग या पोरीत काय शोधशील?"

शिष्य गोंधळला, मनातून चिडलाही. सापडलेलं न सापडल्यासारखं कसं समजायचं? पण गुरूंचा शब्द मोडवेना. तो मुलीजवळ बसला. तिला धाप लागली होती. अंग भाजत होतं आणि हातपाय मात्र गार पडले होते. पोट चाचपताच ती कण्हली.

"हगवण बी हाये जी तिले," आई म्हणाली. "तुमी इचारलंच नाही. पोरगी वाचंल ना जी?"

शिष्य झटकन गुरूंकडे वळला. "सर, रक्तात दुसरेही जंतू शिरले असतील."

गुरूंनी सुई तयारच ठेवली होती. तपासणीसाठी रक्त काढलं आणि निकालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

शहरातल्या प्रयोगशाळेचा निरोप आला, तेव्हा वच्छला आईच्या मांडीवर बसून पेज पीत होती. रक्तात खरोखरच दुसरे जंतू वाढले होते. शिष्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझं निदान चुकलं?"

"छे, अगदी बरोबर होतं. म्हणूनच घात होणार होता. चुकलेलं निदान आपल्याला पुन्हा शोधायला लावतं. बरोबर निदान सापडलं की आपण हात झटकून उठतो. हिवतापाने दुबळ्या झालेल्या देहात दुसऱ्या जंतूंना वाट सहज मिळते, बाळा. ते हिवतापाच्या आडून आपलं काम उरकतात."

काही दिवसांनी तापाने निपचित पडलेलं आणखी एक मूल आलं. काचेवर पुन्हा हिवताप दिसला. शिष्याने औषध सुरू केलं, न सांगता पंचा उचलून सूक्ष्मदर्शक झाकला आणि मुलाच्या उशाशी बसत त्याच्या आईला हळूच विचारलं,

"माय, आणखी काय होतंय लेकराला?"