सारख्या सुराच्या दोन घंटा

एका राज्यात सगळं होतं, एक रांग तेवढी नव्हती. सोनं होतं, हत्ती होते, बोलणारे पक्षी होते. पण राजाच्या दारी जो आधी येईल तो आधी आत जाईल, असं काही नव्हतं. कोतवालाचा मेहुणा मागून यायचा आणि पुढे जायचा. नगरशेठचा भाचा जेवून, पान खाऊन, सावकाश यायचा आणि मेहुण्याच्याही पुढे जायचा. दरबार असा वशिल्याच्या तट्टांनी भरलेला. राजा धवलकीर्ती मनाचा भला, पण झोपाळू. मग बोलणार कोण?

एके दिवशी कुंभक नावाचा मांत्रिक दारात येऊन उभा राहिला. पहाटे आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत अख्ख्या नगरीचे मेहुणे आत जाऊन आले. शेवटी त्याने दाराशेजारची भिंत हाताने बाजूला सरकवली आणि तो आत गेला.

"ज्यांना क्रम पाळता येत नाही, त्यांनी माणूस राहून करायचं काय?" एवढंच तो बोलला. त्याने हात फिरवला आणि दरबारात जेवढी माणसं होती तेवढ्या पितळेच्या घंटा झाल्या. राजाची झाली, मेहुण्यांच्या झाल्या, आणि त्या दिवशी गायला बोलावलेल्या दोन निरपराध मुलींच्याही झाल्या. रागाला कुठे डोळे असतात!

त्या मुली कालिंदीबाईंच्या. जुळ्या. एक रेवा, दुसरी तुंगा. बाई नगराबाहेरच्या टेकडीवर क्रमविद्या शिकवायच्या. वस्तू कुठे ठेवावी, ठेवलेली कशी काढावी, विस्कटलेलं कसं लावावं, हे त्या विद्येत येतं. बातमी आली तशा त्या बसून राहिल्या नाहीत. शेवंता आणि गुणाकर हे दोन शिष्य बरोबर घेऊन त्या तडक वाड्याकडे निघाल्या.

वेशीवर एक साळुंकी बसली होती. मांत्रिकाने तिला निरोपासाठीच ठेवलं होतं.

"बाई, तीन कामं आहेत," साळुंकी म्हणाली. "उतरंडीतली किल्ली काढा. अंगणातल्या भुतांना वाट द्या. मग घंटा खर्जापासून बारीक सुरापर्यंत ओळीने लावा. सूर्य मावळायच्या आत झालं तर शाप सुटेल. नाहीतर पितळ ते पितळच."

"अट काय?"

"विद्या जिला येते तिने हात लावायचा नाही. जिने शिकवली तिने उभं राहायचं, जे शिकले त्यांनी करायचं. घंटा वाजू लागल्या की तुम्ही बोलायचं नाही, खूण करायची नाही. एका वेळी दोनच घंटा वाजवायच्या. तिसरी वाजली तर तिला तडा जाईल. आणि काम झालं की मला सांगायचं. एकदाच सांगता येईल."

बाईंनी मान हलवली. दुसऱ्याच्या हातून आपली मुलं सोडवून घ्यायची, याहून अवघड काय असतं?

पहिल्या दालनात मडक्यांची उतरंड होती, पार छतापर्यंत. किल्ली अगदी तळच्या मडक्यात. गुणाकर मुळातच उतावळा. तो सरळ खाली वाकला.

"थांब, गुणाकरा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत शेवटी कुठलं मडकं ठेवलं असेल?"

"वरचं."

"मग आधी कुठलं निघेल?"

"पण बाई, खालचं तर समोर दिसतंय."

"दिसतंय म्हणून हाती येतंय असं नाही."

गुणाकर ओशाळला. शिडी लावून त्याने वरून एकेक मडकं उतरवलं. प्रत्येकात एक नाग निजला होता. एकाचीही झोप मोडली नाही. शेवटच्या मडक्यात किल्ली निघाली.

किल्लीने अंगणाचं दार उघडलं. तिथे अर्जदारांची भुतं दाटीवाटीने उभी होती. बिचारी दाद मागायला आली आणि वाट पाहता पाहता तिथेच मेली होती. आता सगळी एकदम पुढे घुसत होती. कोण कधी आलं हे कुणालाच आठवत नव्हतं.

शेवंता जरा विचारात पडली. मग तिने एका म्हाताऱ्या भुताला विचारलं, "आजोबा, तुमच्यापुढे कोण उभं होतं, तेवढं आठवतं?"

"का नाही आठवणार? ती पिवळ्या लुगड्याची. जन्मभर तिची पाठच पाहिली."

सगळ्यांना तेवढं मात्र आठवत होतं. शेवंतेने ज्याला त्याला त्याच्या पुढच्याच्या मागे उभं केलं. ज्याच्यापुढे कुणी नव्हतं तो पहिला. एकेक भूत तिच्यापाशी येई, गाऱ्हाणं सांगे आणि मोकळं होऊन विरून जाई. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यात दुपार कलली, पण त्याला इलाज नव्हता.

आता राहिल्या घंटा. दरबाराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दांडी होती आणि तिला आकडे. दोघांनी घंटा हाताला येतील तशा टांगल्या. बाईंनी त्यांच्याकडून घोकून घेतलेला नियम त्यांनी मोठ्याने म्हटला: "शेजारच्या दोन वाजवा. पहिली दुसरीहून खर्जातली नसेल तर जागा बदला. टोकापर्यंत जा, पुन्हा पहिलीपाशी या. अख्ख्या फेरीत एकही बदल झाला नाही, तर काम झालं."

बाई खांबाशी गप्प उभ्या राहिल्या, साळुंकी खिडकीत येऊन बसली. फेऱ्या सुरू झाल्या. जाड आवाज हळूहळू एका टोकाला सरकले, नाजूक दुसऱ्या टोकाला. सगळ्यांत खर्जातली घंटा राजाची असावी. ती जांभई दिल्यासारखी वाजली. ओळ लागत आली तशी बाईंच्या जिवात जीव आला.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. बारीक सुरांच्या टोकाकडे दोन घंटा होत्या. गुणाकराने त्या बदलल्या. पुढच्या फेरीत पुन्हा बदलल्या. त्याच्या पुढच्याही फेरीत त्याच दोघी.

बाईंनी सूर ओळखला. त्या दोघी त्यांच्याच होत्या. अख्ख्या नगरीला रेवा-तुंगाचा आवाज वेगळा सांगता येत नसे. आईला मात्र नुसत्या चाहुलीवरून कळायचं कोण आली ते. दोन गोष्टी अगदी सारख्या असू शकतात, हे बाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. ओळ लावायच्या धड्यासाठी त्या दगड वेचायच्या तेही वेगवेगळ्या वजनाचे. आणि आता त्यांचाच नियम त्यांच्या लेकींना इकडून तिकडे फिरवत बसला होता. उन्हं खिडकीच्या खाली उतरली होती. बोलता येत नव्हतं. चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पुन्हा बदल झाला. म्हणजे फेरी पुन्हा," गुणाकर म्हणाला.

"थांब जरा. त्याच दोघी आपण किती वेळा बदलायच्या?"

"नियम तसाच आहे, शेवंते. बाईंनी शिकवलाय."

शेवंतेने त्या दोन घंटा वाजवल्या. मग जागा बदलून वाजवल्या. कान देऊन ऐकलं.

"ही तिच्याहून खर्जात नाही," ती म्हणाली. "आणि तीही हिच्याहून खर्जात नाही. मग बदलून आपण मिळवलं काय?"

"म्हणजे बाईंचा नियम चुकीचा?" गुणाकराने विचारलं. "एकदाच सांगता येणार आहे. चुकलो तर ही सगळी माणसं जातील."

शेवंतेने बाईंकडे पाहिलं. नुसती पाठ दिसली. गुरूचं मोडायचं आणि तेही गुरूसमोर, आणि पणाला लागलेली माणसं गुरूच्याच घरची. पण नियम कशासाठी केला होता? ओळ लागावी म्हणून. ओळ तर लागली होती.

"साळुंके," ती म्हणाली, "झालं."

"नक्की?"

"नक्की. या दोघींत आधी-नंतर काही नाही. दोघी आपल्या जागी आहेत."

साळुंकीने पंख झटकले. पहिली घंटा वाजली, मग दुसरी, मग सगळ्या ओळीने आपोआप वाजत गेल्या, आणि जिथे घंटा होत्या तिथे माणसं उभी राहिली. राजा पहिल्यांदाच पुरता जागा झाला होता. तो स्वतः दाराशी गेला आणि बाहेर येऊन थांबलेल्या कुंभकाचा हात धरून त्याला आत घेऊन आला.

"आपण पहाटे आला होता. आधी आपलं बोला."

"माझ्या गावाला विहीर हवी," मांत्रिक म्हणाला. एवढंच काम होतं त्याचं. विहीर मिळाली. मेहुणे मुकाट्याने मागे जाऊन उभे राहिले आणि त्या राज्यात रांग सुरू झाली.

शेवंता बाईंपुढे खाली मान घालून आली. "बाई, मी तुमचा नियम मोडला."

"अपुरा होता तो," बाई म्हणाल्या. "सारख्यांचं काय करायचं ते मी शिकवलंच नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. आता तू मला शिकवलंस."

तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून रेवा आणि तुंगा धावत आल्या. एकीला आधी जवळ घ्यायचं म्हणजे दुसरीला नंतर. बाईंनी दोन्ही हात पसरले, दोघींना एकदमच पोटाशी धरलं, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

त्यांची जशी घडी बसली, तशी ऐकणाऱ्यांची बसो, सांगणाऱ्याचीही बसो.