बामीआय आणि थांबलेलं उधाण

फार वर्षांपूर्वी, खाडी आजच्याहून रुंद होती आणि पाणखार गावाचा बांध आजच्याहून अरुंद होता, तेव्हाची ही गोष्ट. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी, आणि मधे माणसांनी हातांनी रचलेली चिखलाची भिंत. ती जपायची म्हणजे घरातली सगळी धडधाकट माणसं सकाळपासून कामावर. मग पाटीत निजायच्या वयाच्या वरची आणि पाटी उचलायच्या वयाच्या खालची पोरं बघायची कुणी?

पाणखारात त्याला एक रीत होती. काथ्याची दोरी घ्यायची, एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला. कधीकाळी एक पोर रांगत खाडीत गेलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. दोरी जेवढी लांब, तेवढं पोराचं जग. आई दिवस मावळताना यायची, गाठ सोडायची, पोर जिवंत बघून देवाला हात जोडायची. त्यात वाईट कुणीच नव्हतं. त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं, एवढंच.

त्या गावात बामी नावाची एक बाई होती. अंगाने काटकुळी, आणि दचकणारी किती, तर भांडं पडलं की दचकायची, बगळा उडाला की दचकायची, मागून हाक आली की डोक्यावरची चिखलाची पाटी टाकून मोकळी व्हायची. बांधावरच्या बाया तिला चिडवायच्या, "बामे, मागं बघ गो, तुझी सावली येतेय." बामी खरंच मागे बघायची. ती लहानपणी मेढीला बांधलेली असताना एकदा बांध फुटला होता. पाणी छातीपर्यंत चढलं, आणि गाठ काही तिला सुटेना. कुणीतरी वेळेवर आलं म्हणून वाचली. दोरी सुटली, पण गाठ आत राहिली, असं म्हणतात.

एके सकाळी ती कामाला निघाली असताना शेजारच्या घरातून काहीच आवाज आला नाही. आतलं पोर रोज रडायचं, आज रडत नव्हतं. रडून रडून थकलं होतं. ते न रडणं ऐकून बामी दचकली, आत गेली आणि तिने गाठ सोडली. मग पुढच्या घरातली. मग त्याच्या पुढच्या. दुपारपर्यंत बांधाच्या पायथ्याशी, खाडीकाठी वाढणाऱ्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली अकरा पोरं जमली.

संध्याकाळी बांधाच्या लांबच्या टोकावरून परतलेल्या आयांना घराघरात नुसत्या दोऱ्या सापडल्या. ऊर फुटेतो धावत आल्या त्या, तर अकराच्या अकरा पोरं चिखलात बसलेली, आणि बामी मधे. दचकणारी बाई राखणीला बसली की तिच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही, हे गावाला त्या दिवशी कळलं. बाया म्हणाल्या, "तुझ्या वाटच्या पाट्या आम्ही उचलतो. तू पोरं बघ."

बामीला वाचता येत नव्हतं, गाता येत नव्हतं. पण तिची एक तऱ्हा होती. ती पोरांशी उभ्याने बोलायची नाही. आधी खाली बसायची, तोंडासमोर तोंड आणायची, मग बोलायची. दचकण्याचं दुःख तिला माहीत होतं, म्हणून तिने कधी कुणा पोराला मागून हाक मारली नाही. झाडाखाली करवंट्या होत्या, शिंपले होते, भोक पडलेलं मडकं होतं आणि हवा तेवढा चिखल. एक पोरगा एका करवंटीतलं पाणी दुसरीत ओतायला सबंध सकाळ लावायचा आणि सगळं मांडीवर सांडायचा. बघून त्याच्या आईचे हात शिवशिवायचे. "अगो, दे ना त्याला भरून."

"थांब जरा," बामी म्हणायची. "त्याचं तो करतोय."

दिवसातून शंभरदा ती हे म्हणायची. गावात त्याची थट्टा झाली. रांधायला उशीर झाला की बायका नवऱ्याला सांगायच्या, "थांबा जरा, भाताचं भात करतोय."

आता, बांधाचा कारभार ज्याच्याकडे तो खारपाटील. तेव्हाचे खारपाटील हिरोजी. त्यांची नात रंगी चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. बामीकडे आल्यापासून ती फक्त एकच गोष्ट करायची. बांधाला नाक लावून पालथी पडायची आणि एक नांगी मोठी असलेला तांबडा खेकडा बघत राहायची. ओहोटी असली की पलीकडच्या अंगाला, भरती आली की अलीकडच्या. बामी तिच्या शेजारी बसायची. दोन महिने असे गेले. पुढेपुढे तो खेकडाच बिळाबाहेर येऊन रंगीची वाट बघायचा, असं म्हणतात.

एक दिवस हिरोजी झाडाखाली आले. "काय शिकवलंस गो हिला?"

"मी नाय शिकवत, पाटील. ती बघतेय."

"काय बघतेय?"

"खेकडा."

मागचे गडी हसले. हिरोजी हसले नाहीत. म्हणाले, "खारपाटलाची नात, नि खेकड्याच्या शाळेत. ऐक बामे. येत्या अवसेपर्यंत हिच्या तोंडून शब्द आला तर बरं. नाय आला, तर सगळी पोरं आपापल्या मेढीला, आणि तू तुझ्या पाटीला."

बामीचा हात आपसूक कमरेशी गेला. अवस, म्हणजे अमावास्या, आठ दिवसांवर होती.

बाया सल्ले देऊ लागल्या. कुणी म्हणाली, खाऊ दाखव आणि बोललीस तरच देईन म्हण. कुणी म्हणाली, मागून जा आणि कानात भों कर, दचकून बोलेल. बामीने मान हलवली. "दचकून माणूस ओरडतं गो. बोलत नाय." आणि ती पुन्हा रंगीशेजारी जाऊन बसली. जेवणावरची तिची वासना उडाली होती, पण पोरीला तिने एकदाही 'बोल' म्हटलं नाही.

अवस आली. भर दुपारचं उधाण होतं. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी, आणि वारा समोरून. गडी माथ्यावरून येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात अलीकडच्या अंगाला, खाली पायथ्याशी, पाण्याची करंगळीएवढी धार उडाली. मग दुसरी. मग तिसरी. गड्यांनी चिखलाचे गोळे आणून दाबले. गोळे फुटून बाहेर आले. आतून येणारी धार बाहेरून दाबून मिटत नाही. तिचं तोंड पलीकडे, खाडीच्या अंगाला असतं. आणि ते तोंड नेमकं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं आयुष्यभर बांधाच्या माथ्यावरून चालली होती. बांधाच्या पोटाशी नाक लावून कुणी बसलं नव्हतं.

हिरोजींचं धोतर कुणीतरी ओढलं. खाली रंगी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"धरा हिला," हिरोजी म्हणाले. "मेढीला बांधून या आधी."

एक गडी पुढे झाला. आणि बामी, जी भांड्याच्या आवाजाला दचकायची, ती त्याच्या आणि पोरीच्या मधे उभी राहिली. धारेचा आवाज तिच्या कानात होता. ते पाणी ती ओळखत होती. पण तिने पाय हलवला नाही.

"थांबा, पाटील," ती म्हणाली. "तिचं बोलणं व्हायचंय."

ती खाली बसली. रंगीच्या तोंडासमोर तोंड आणून गप्प राहिली. हिरोजी तोंड उघडून तसेच उभे राहिले. गडी थांबले. पाट्या हातातच राहिल्या. वारा पडला. आणि असं म्हणतात की माथ्याशी आलेलं उधाणसुद्धा थांबलं. लाट उचललेली, पण फुटेना. सगळी खाडी एका चार वर्षांच्या पोरीचं ऐकायला उभी राहिली. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं, श्वासभर. कुणी म्हणतं, भात शिजेपर्यंत.

मग रंगी बोलली. "हितं निंगतो," ती म्हणाली, धारेकडे बोट दाखवून. मग बांधावर चढली, सात पावलं डावीकडे गेली आणि खाडीकडच्या पाण्यात बोट दाखवलं. "तितं शिरतो. तांबडा."

गड्यांनी तिथेच उड्या टाकल्या. पाण्याखाली हात घातले तर बरोबर बीळ. चिखल आणि पेंढा ठासला, तशी अलीकडची धार विझली. रंगी पुढे निघाली. "हितं शिरतो. तितं निंगतो." दोन महिन्यांचं न बोललेलं सगळं एकदम बाहेर पडलं. झाडाखालची पोरं चिखलाचे गोळे वळत होती. ना फार ओले, ना फार कोरडे. तो अंदाज त्यांच्या हातांना कधीच आला होता. तांबड्याची आणि त्याच्या भाऊबंदांची मिळून चाळीस बिळं बुजली, मग उधाणाने श्वास सोडला आणि लाट फुटली. बांध हलला नाही. त्या गोळ्यांवर उमटलेले चिमुकले पंजे पुढे कित्येक पावसाळे पुसले गेले नाहीत, असं म्हणतात.

पाणी ओसरल्यावर हिरोजी घरोघर गेले. मेढींच्या दोऱ्या सोडून आणल्या, स्वतः बसून त्यांचा एक जाड दोर वळला आणि भेंडीच्या झाडाला झोपाळा बांधला. वळताना मधे त्यांना पेड सुधरेना. बामी बघत होती. बाया म्हणाल्या, "सांग ना गो त्यांना."

"थांबा जरा," बामी म्हणाली. "त्यांचं ते करतायत."

बामीआय कधी गेली ते कुणाला आठवत नाही. भरती चढायला लागली आणि क्षणभर रेंगाळली, की पाणखारातली म्हातारी माणसं म्हणतात, बामीआय खाली बसली असेल कुठे.

आज तिथे सिमेंटची अंगणवाडी आहे, भेंडीच्याच झाडाखाली. नवं पोर पहिल्या दिवशी पाटीपेन्सिल घेत नाही. चिखलाचा एक गोळा वळतं आणि बांधाला लावतं, त्याच्या हाताने जमेल तसा. कितीही वेळ लागला तरी त्याचा हात कुणी धरत नाही. गावात काथ्याच्या दोरीने गुरं बांधतात, होड्या बांधतात, पोर बांधत नाहीत. आणि अजून एक. लहान मूल बोलता बोलता अडलं, तर पाणखारात त्याचा शब्द कुणी पुरा करत नाही. परवा बांध बघायला तालुक्याचे साहेब आले होते. घाईत होते. एक चिमुरडी त्यांच्यासमोर येऊन "तितं... तितं..." करू लागली. साहेब घड्याळ बघत पुढे निघाले, तर अख्खा गाव एका आवाजात म्हणाला, "थांबा, साहेब."

साहेब थांबले. असं म्हणतात, मग खालीही बसले.