चारशे बरण्यांवरची किल्ली

“चोर दारातून आला नाही, तर काय आभाळातून पडला?” बसवंतप्पा शेटे गरजले, आणि पॅकिंगच्या खोलीतल्या चाळीस बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

होनमाळ गावात अप्पांचा शेंगाचटणीचा कारखाना. लसूण किती, तिखट कुठलं, जिरं कधी, हे सगळं प्रमाण एकट्या अप्पांना ठाऊक, आणि ते त्यांनी केबिनमधल्या कंप्युटरात जपून ठेवलेलं. आता शेजारच्या तालुक्यातला एक नवा कारखानदार हुबेहूब तीच चटणी विकू लागला होता! केबिनला लोखंडी दार, दाराला तीन कुलपं, आणि दारापुढे स्टुलावर भीमशा, वीस वर्षांचा जुना रखवालदार. कुलपं तर शाबूत होती. मग संशय घ्यायला उरलं कोण? भीमशा!

“मालक, सिद्धेश्वराची शपथ, म्या चिमणीबी आत सोडली न्हाई,” भीमशा हात जोडून म्हणाला.

“उद्यापासून येऊ नकोस!”

लेबलं चिकटवणारी कस्तुरा ही भीमशाची मुलगी. बापाला असं चारचौघांत उभं केलेलं पाहून तिचं डोकं तापलं. हातातली बरणी ठेवून ती उठली.

“अप्पा, प्रमाण कंप्युटरात हुतं न्हवं? मग तितं शिरायला दार कशाला लागतंय?”

“वा गं शहाणे! ते यंत्र काय साधंसुधं आहे? खंडेनवमीला पूजा केलीय मी त्याची! इंटरनेटच्या डब्याला झेंडूचा हार घातलाय!”

“हार हाय, पण कडी हाय का?”

बायका फिसकन हसल्या. अप्पांचे कान लाल झाले.

“असं? मग उद्या दुपारच्या भोंग्याच्या आत ते प्रमाण बाहेर काढून दाखव! केबिनचं दार उघडायचं नाही, खिडकीला हात लावायचा नाही, कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही! मी स्वतः आत बसतो, किल्ल्या कमरेला. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर बापाबरोबर तूही घरी!”

“लिहून द्या,” कस्तुरा म्हणाली.

अप्पांनी लिहून दिलं. चिठ्ठीची घडी करून तिने ती पदराच्या टोकाला बांधली.

“काय करून बसलीस गं?” घरी जाताना भीमशाने विचारलं. काय सांगणार? तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. चालता चालता ती अंगठ्याला चिकटलेलं एक लेबल खरवडत होती. दिवसाला चारशे लेबलं चिकटवणारं माणूस लेबल कधी वाचत नाही. ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, आणि रस्त्यातच थांबली.

“बा, फाटकाच्या आकड्यांच्या कुलपाचा नंबर काय रं?”

“एक नऊ सहा सात.”

“आणि अप्पांच्या जीपचा?”

“त्योच की!”

दुसऱ्या दिवशी कारखान्यासमोरच्या गुरव्वाच्या चहाच्या टपरीवर कस्तुरा मोबाइल घेऊन बसली, शेजारी भीमशा. कारखान्याचं इंटरनेट तिथपर्यंत पोचत होतं. पासवर्ड मागितल्यावर तिने जपून अक्षरं टाकली. चुकलं! मग तिने सुरुवातीचं ‘श्री’ काढलं आणि पुन्हा टाकलं. उघडलं! ऑफिसातले सगळे कंप्युटर एकमेकांना जोडलेले, त्यांत एक कप्पा होता, नाव ‘अतिगुप्त, कोणी उघडू नये’. त्यालाही पासवर्ड होता. तिने तोच टाकला. तोही कप्पा उघडला!

भोंग्याला पाच मिनिटं होती. अप्पा केबिनमध्ये खुर्चीवर बसून दाराकडे टक लावून होते. इतक्यात रस्त्यावरून हाक आली.

“अप्पा! वाचू का मोठ्यानं?”

अप्पा हसत खिडकीशी आले. “वाच की! हवेतलं वाच!”

“पहिली ओळ. शेंगदाणे मंद आचेवर, वाळूत भाजायचे...”

अप्पांचं हसू मावळलं.

“दुसरी ओळ. लसूण सोलायचा न्हाई, सालासकट...”

“गप! गप! तिसरी वाचू नकोस!” आणि अप्पांनी आपल्याच हातांनी तिन्ही कुलपं उघडली, अनवाणी फाटकाबाहेर धावत आले आणि तिच्या पुढ्यात धापा टाकत उभे राहिले. “चेटूक केलंस काय गं?”

“चेटूक कसलं! किल्ली तुमीच दिलीत. दिवसाला चारशे येळा देता!” कस्तुराने टपरीवरची चटणीची बरणी उचलून त्यांच्यापुढे धरली. “वाचा! श्री सिद्धेश्वर प्रसन्न, स्थापना एकोणीसशे सदुसष्ट. सिद्धेश्वर एकोणीसशे सदुसष्ट, ह्योच पासवर्ड! बरणीबरणीवर किल्ली छापून गावोगाव धाडलीत, आणि माझ्या बाला कुलपापाशी बसवलंत!”

अप्पा बरणीकडे बघतच राहिले. “अगं, देवाचं नाव. तो राखण करील म्हणून ठेवलं होतं.”

“करंल की! पण किल्ली आपण दुकानादुकानात वाटायची, आन त्यानं कुठंकुठं उभं राहायचं?”

“मग आता?”

“दर कुलपाला येगळी किल्ली, चांगली लांबलचक. देवाचं, घरच्यांचं, गाडीचं, काय बी नको. पावण्यांना इंटरनेटची वाट निराळी. आणि कंप्युटर रोज ‘अपडेट करा, अपडेट करा’ म्हणून वरडतोय, त्याला ‘नंतर’ म्हणायचं सोडा!”

अप्पांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला. एकदम चेहरा उजळला. भोंगा होऊन जेवायला बाहेर आलेल्या सगळ्या बायकांकडे वळून ते म्हणाले, “सुचला! असा झकास पासवर्ड सुचलाय म्हणता! ऐका...”

“अप्पा!!” कस्तुरा किंचाळली, आणि चाळीस बायकांनी चटकन कानांत बोटं घातली!

अप्पांनी कानांत बोटं घातलेल्या त्या बायकांकडे पाहिलं, स्वतःच्या उघड्या तोंडावर हात ठेवला, आणि असे खो खो हसत सुटले की त्यांना टपरीच्या बाकावर बसावं लागलं.

“हरलो बाई! माग काय मागायचं ते!”

“बाला परत घ्या. आणि स्टूल नको, पाठ टेकायला खुर्ची द्या. वीस वर्सं झाली.”

अप्पा हसायचे थांबले. उठून आत गेले आणि केबिनमधली स्वतःची गादीची खुर्ची ढकलत फाटकापर्यंत घेऊन आले. “भीमशा, बस,” ते म्हणाले. “मी हिच्यात बसून काय राखलं, ते सगळ्यांनी पाहिलंच. आणि कस्तुरा, लेबलं ठेव बाजूला. उद्यापासून दुप्पट पगारावर ऑफिसात ये. कारखान्यातली सगळी कुलपं तुझ्याकडे!”