वानरी आणि चंदनतेलाची बुधली

रानातल्या वैद्यांच्या बाटल्याही बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. वानरीच्या पिल्लाला खाजकुयली लागली. ते रडून रडून निळं पडलं, तशी तिनं वैद्यांच्या ओसरीवरून चंदनतेलाची बुधली पळवली. ती त्याच्या पाठीवर पालथी घालणार, तोच बुधली ओरडली, "अगं, थांब! अख्ख्या खोडाचा अर्क आहे मी. वाटीभर खोबरेलात एक थेंब पुरे!"

"लेकरू तडफडतंय आणि तू थेंब कसले मोजतेस, कंजूष मेली!"

"मग आधी स्वतःच्या कोपराला लाव."

वानरीनं लावलं. कोपर लालबुंद झालं, तशी पिल्लाच्या पाठीकडे बघून तिनं वाटीभर खोबरेल आणलं.

मग एकच थेंब खोबरेलात पडला. तेल लावताच पिल्लू चंदनाच्या वासात झोपलं. वानरीचा हात लगेच त्याला हलवायला पुढे गेला.

"बाई गं," बुधली म्हणाली, "बरं वाटतंय का, हे विचारायला त्याला उठवू नकोस!"